गोदावरीवरील आगबोट

वाचावयाचा भाग : १ करिंथ १५:५८

कपिलधारचा धबधबा पावसाळ्यात गर्जतो व उन्हाळ्यात क्षीण होतो, हे बीडकडील लोक जाणतातच. बीडची बिंदुसरा सिंदफणेस आणि सिंदफणा गोदावरीस मिळते. तेथून पुष्कळ खाली, सिरोंच्याजवळ, प्राणहिता नदी गोदावरीत येते. गेल्याच्या मागील शतकात तिकडे आगबोटी चालविण्याचा मोठा उद्योग झाला. वऱ्हाडचा कापूस नदीने पूर्वसमुद्राकडे न्यावा, हा त्याचा हेतु.

आगबोटीच्या बंबाखाली लाकडे जाळीत. तेणेकरून पाण्याची वाफ होई, आणि वाफेच्या जोराने चाक फिरून नाव प्रवाहाविरुद्ध चढे. आगवाल्याने भट्टी विझू देऊ नये, पुढील खलाशाने बांबूने पाण्याचा ठाव घ्यावा, आणि सुकाणू धरणाऱ्याने त्याचे ऐकून खोल मार्ग धरावा, असे ज्याचे त्याचे काम असे.

वाफेचे बळ मोठे खरे. तथापि पाण्यावाचून ते व्यर्थ. पावसाळा सरला म्हणजे वाळूचे दांडे उघडे पडत. शिवाय दुम्मागुडेम, इंचमपल्ली व देवलमरी ह्या तीन ठिकाणी खडकांच्या रांगा आडव्या होत्या. त्यांच्या बाजूने नावा नेण्याकरिता कप्तान हेग ह्यांच्या देखरेखीखाली बंधारे व कालवे बांधू लागले. रानातील तापाने मजूर बेजार झाले. इतक्यात १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, आणि १८७१ साली नदीचे काम सरकारने अपुरेच सोडले.

मग ते सर्व श्रम फुकट गेले काय? दुम्मागुडेम येथे असता हेग साहेबांस तेथील कोया लोकांचा कळवळा आला. त्यांच्या खटपटीने चर्च मिशनरी सोसायटीचे काम तेथे सुरू झाले. त्यांच्या हाताखालील वेंकटराम राजू ह्यांनी शास्त्र वाचून ख्रिस्तास स्वीकारले, व पुढे कोयांमध्ये सुवार्तेची सेवा केली. कापसासाठी काढलेल्या मार्गाने असे फळ येईल, हे कोणाच्या नकाशात नव्हते.

उपदेशकहो, कित्येक गावी वर्षानुवर्षे शिकवूनही एकाचाही बाप्तिस्मा होत नाही, आणि मन खचते. आगवाल्यास भट्टीपाशी नदी दिसत नसे. तरी लाकूड घालणे त्याने सोडले नाही. पाऊस पाडणे देवाकडे आहे. अग्नि राखणे आपणाकडे आहे.

प्रश्न : (१) आगबोट कशाने चाले, व कशाने अडे? (२) नदीचे काम का थांबले? (३) आपल्या मंडळीत फळ न दिसता चाललेले काम कोणते? त्यासाठी प्रार्थना करा.