उधारीची खरी किंमत : बॉबी बोनियाच्या 1 जुलैचा धडा

व्हिडिओत वेळेअभावी राहिलेला हिशेब आज नीट मांडूया.

बॉबी बोनिया हा अमेरिकन बेसबॉलपटू. सहा वेळा ऑल-स्टार, 2001 मध्ये रिटायर. तरीही न्यूयॉर्क मेट्स ही टीम 2011 पासून दर 1 जुलैला त्याला सुमारे 11.93 लाख डॉलर देते. 2035 पर्यंत, म्हणजे तो 72 वर्षांचा होईपर्यंत!

झालं काय? 2000 च्या सीझनचे 59 लाख डॉलर टीमकडे बाकी होते. टीमला तो नको होता. मग ठरलं की आत्ता काहीच द्यायचं नाही, 8 टक्के व्याज लावायचं आणि 2011 पासून 25 हप्ते द्यायचे. एकूण रक्कम जाते जवळपास 2.98 कोटी डॉलरवर.

आता गणित बघा. 72 ला व्याजदराने भागा: 72 भागिले 8 म्हणजे 9. साधारण 9 वर्षांत रक्कम दुप्पट. 2011 पर्यंत 59 लाखांचे सुमारे 1.37 कोटी झाले होते. हप्ते सुरू झाल्यावरही उरलेल्या रकमेवर व्याज चालूच.

लोक मेट्सला हसतात. पण थांबा, त्याच 2000 साली टीम वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचली होती. हातात पैसा मोकळा राहणं हाही फायदाच. गडबड वेगळीच होती. मालकांचा पैसा बर्नी मॅडॉफकडे गुंतवलेला होता आणि तिथे 8 टक्क्यांपेक्षा जास्त सुटेल असा भरवसा होता. 2008 मध्ये मॅडॉफचा फ्रॉड उघड झाला. व्याज पक्कं होतं, कमाई कागदावरच राहिली.

आता आपल्या दुकानात या. होलसेलर म्हणतो, "1 लाखाचा माल. रोख दिलेत तर 2 टक्के कमी, नाहीतर 30 दिवस उधार." उधारी फुकट वाटते ना? पण 98,000 एक महिना वापरायचे तुम्ही 2,000 मोजताय. वर्षाला साधारण 24 टक्के! बँकेची सीसी लिमिट 12 टक्क्यांनी असेल, तर तिथून उचलून रोख भरा. महिन्याचं व्याज 980, वाचले 1,020.

आणि तुमचं गिऱ्हाईक उशिरा पैसे देणार असेल, तर बोनियासारखं वागा: तारीख, व्याज, हप्ते, सगळं लेखी.

आजचा होमवर्क: या महिन्याची पाच खरेदी बिलं काढा. प्रत्येकावर उधारीचा वार्षिक दर लिहा. आकडा दिसला की कोणाला आधी पैसे द्यायचे, ते आपोआप कळेल.