रस्ता कोणाचा?

मुलांनो, आठवडी बाजाराच्या दिवशी तुम्ही बाजारपेठेतून चालत गेला असाल. रस्ता अरुंद असतो. दोन्ही बाजूंना भाजीवाले बसलेले असतात. मधूनच उसाने भरलेला ट्रॅक्टर येतो, त्याच्यामागे एस. टी. भोंगा वाजवत उभी राहते. अशा गर्दीत एखाद्या आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असेल तर?

मग लोक म्हणतात, "बाजारपेठेत मोठ्या वाहनांना बंदी करा!" हे बोलणे सोपे आहे. पण बंदी करण्यापूर्वी कोणाला विचारावे?

गावाला विचारण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत ज्यांचे नाव आहे, ते सर्व स्त्रीपुरुष ग्रामसभेचे सदस्य असतात. एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल, तितके लोक हजर असले की गणपूर्ती होते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. म्हणजे तुमच्या अम्मीलाही तिथे बोलता येते.

समजा, तुमच्या गावात हा प्रश्न निघाला. दुकानदार म्हणेल, "ट्रक आला नाही, तर माल कसा उतरवू?" एखादी नानी म्हणेल, "एस. टी. गावाबाहेर थांबली, तर मी एवढे कसे चालू?" हातगाडीवाले चाचा विचारतील, "रस्ता मोकळा करताना माझी गाडी तर उचलणार नाही ना?" आणि मुले म्हणतील, "आम्हांला शाळेत सुखरूप जायचे आहे." यांत खोटे कोणीच बोलत नाही. म्हणून सर्वांचे ऐकून वाट काढावी लागते. माल सकाळी लवकर उतरवावा, बंदी फक्त बाजाराच्या दिवशी असावी, रुग्णवाहिकेला केव्हाही जाऊ द्यावे, असे उपाय त्यातूनच सुचतात.

मात्र ग्रामसभेचा ठराव म्हणजे बंदीचा आदेश नव्हे. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 115 प्रमाणे वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा असेल, तर तो शासकीय राजपत्रात छापावा लागतो. कमी काळाचा असला, तरी तो गावात जाहीर करावा लागतो. ठरावामुळे गावाचे म्हणणे अधिकाऱ्यांपर्यंत लेखी पोहोचते.

आता एक खरे उदाहरण पाहू. रायगड जिल्ह्यातील माथेरान हे नगरपरिषदेचे छोटे शहर आहे. 2003 साली केंद्र शासनाने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. तेथे रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी सोडून मोटारींना बंदी आहे. बाकीच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. त्यामुळे हवा स्वच्छ राहिली. पण प्रवाशांनी भरलेल्या रिक्षा माणसांना हातांनी ओढाव्या लागत. त्या कष्टकऱ्यांनी विजेवरच्या ई-रिक्षांची मागणी केली. घोडेवाल्यांना मात्र आपली रोजी जाईल, अशी भीती वाटली. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली. 2025 मध्ये माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे सांगून ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

यावरून काय कळते? नियम चांगला असला, तरी त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे पाहावे लागते. आणि ज्याच्या खांद्यावर ते पडते, त्यालाच ते नीट सांगता येते.

तुम्हांला अजून मत नाही. पण डोळे आहेत, वही आहे. एका बाजारच्या दिवशी सुरक्षित जागी बसून तासाभरात किती वाहने गेली, ते मोजा. तो कागद अब्बांच्या हाती ग्रामसभेत द्या. मोठ्या आवाजापेक्षा खरा आकडा अधिक बोलतो.

शब्दार्थ
गणपूर्ती – सभेसाठी आवश्यक असलेली कमीत कमी हजेरी
निर्बंध – बंधन, मर्यादा
राजपत्र – शासनाचे अधिकृत पत्रक
प्रतिष्ठा – मान, इज्जत

स्वाध्याय
1. ग्रामसभेचे सदस्य कोण असतात?
2. ठराव आणि आदेश यांत काय फरक आहे?
3. माथेरानमध्ये ई-रिक्षांची मागणी कोणी केली व का?
4. तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील रस्त्याविषयी पाच वाक्ये लिहा.