आधी कोणाचं फेडायचं

चार-पाच ठिकाणचं देणं झालं की माणूस व्याज बघून फेडत नाही, तोंड बघून फेडतो. ओसरीवर बायकांचा गट बसतो आणि एकीचे पैसे आले नाहीत तर सगळ्या थांबतात, म्हणून फायनान्सचा हप्ता आधी. साडू जामीन आहे, म्हणून मग पतसंस्था. सोसायटीचं कुणी दारात ओरडायला येत नाही, तर तिचं राहिलं तरी चालेल असं वाटतं. आणि शेकडा दहानं आणलेले पन्नास हजार घरात कुणाला सांगितलेलेच नसतात. भोर-वेल्ह्याकडं भाताचा पैसा मार्गशीर्ष-पौषात येतो, शिरवळ किंवा पुण्याच्या नोकरीचा महिन्याला, आणि हप्ते असतात आठवड्याचे. झोप उडते ती या ओढाताणीनं. म्हणून फेडीचा क्रम बदलायचा आहे.

पण वही उघडण्याआधी घरातल्या माणसाकडं बघा. तो जेवत नसेल, रात्री अंगणात फेऱ्या मारत असेल, ‘मी नसलो तर तुम्ही सुटाल’ असं बोलला असेल, तर हिशेब बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, आणि घरातलं तणनाशक, कीटकनाशक त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायला द्या. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. सरकारी दवाखान्यातही ‘झोप लागत नाही, कर्जाचं टेन्शन आहे’ एवढं सरळ सांगावं. आकडे चार दिवसांनी मांडले तरी चालतात.

मग वही. नवरा, बायको आणि कमावतं पोर, एवढे तरी बसा. त्या रात्री ‘कशाला घेतलं होतं’ हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. तो निघाला की वही मिटते आणि भांडण उघडतं. एकेका ओळीत लिहा : कोणाकडून, मुद्दल किती, आजवर किती दिलं, तारण काय, जामीन कोण, आणि व्याज वर्षाचं किती. शेवटचा रकाना महत्त्वाचा. ‘शेकडा दहा’ ऐकायला लहान वाटतं, पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला एकशे वीस टक्के. पन्नास हजारांवर साठ हजार व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. तेच पन्नास हजार बारा टक्क्यांच्या सोनेतारणावर असते तर वर्षाला सहा हजार. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर कुणाचं आधी द्यायचं हे समजावून सांगावं लागत नाही.

क्रम असा. किराणा, औषधं, शाळा, वीजबिल यांचे पैसे आधी बाजूला. त्यांना हात लावायचा नाही. त्यानंतर खासगी सावकार. मग जिथं दागिना किंवा गाडी अडकली आहे ते. सोसायटीच्या पीककर्जाला ३१ मार्च चुकवू नका : वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. मात्र नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं भरून नवं उचलायला, चार दिवसांसाठी म्हणून सावकाराकडून पैसे उचलत असाल, तर नवं कर्ज हातात कधी पडणार हे सोसायटीच्या सचिवांना आधी विचारा. ते महिनाभर लांबलं तर वाचलेलं व्याज सावकाराच्या घरात जातं. बिनव्याजी हातउसने सगळ्यांत शेवटी. पण उसने देणाऱ्या पाहुण्याला तोंड चुकवू नका. जाऊन तारीख सांगा. जामीनदाराला तर बँकेची नोटीस जायच्या आत तुमच्याकडून कळलं पाहिजे. हे फार जड जातं, पण एकदा सांगितलं की लग्नकार्यात लपायची वेळ येत नाही.

सावकाराशी बोलण्याआधी कायदा माहीत करून घ्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के, एवढंच व्याज घेता येतं. चक्रवाढ लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याजही घेता येत नाही. व्याजापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर पंधरा वर्षांच्या आत जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो. तक्रार सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं लेखी द्या आणि पोच घ्या. गावात राहून तक्रार करणं सोपं नाही, हे खरं. बरेच जण दागिना बँकेत ठेवून सावकाराला मोकळं करतात, आणि तो रस्ता वाईट नाही. फक्त पैसे खात्यातून द्या आणि कोरे चेक, स्टॅम्प परत हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्यांनाही रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, थकबाकीदाराचं नाव जाहीर करणं नाही. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, चौकशीसाठी १४४४८. मोबाइलवरच्या ॲपवाल्यानं फोटो पसरवायची धमकी दिली तर १९३० वर फोन करा.

या काळात जमिनीच्या कुठल्याही कागदावर सही नको. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला, भाटघरच्या पाण्याकाठी गिऱ्हाईक टपलेलंच असतं, आणि कोण अडचणीत आहे हे एजंटाला सख्ख्या भावाआधी कळतं. विकायचीच झाली तर वही पुरी झाल्यावर, घरातल्या सगळ्यांसमोर आणि वकिलाला विचारून. फुकट कायदेशीर सल्ल्याचा नंबर १५१००. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही.

एकेक देणं फिटलं की निल दाखला लगेच मागा. तो तलाठ्याकडं देऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा, आणि महिनाभरानं नवा उतारा काढून ‘इतर हक्क’चा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.