पात्र अमर व्हायचं म्हणतं तेव्हा

पेडण्यातल्या इब्रामपुरात माझ्या घरच्या सोप्यावर मी आणि काही मुलं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र, पुढ्यात कागद-पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा. गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा डंजन मास्टर मी. हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. पात्रं टिकली, बलाढ्य झाली की कुणीतरी म्हणतंच, आता मला अमर व्हायचंय. त्या मागणीपाशी मी जे शिकलो ते असं.

1. कसलं मरण नको, ते आधी विचारावं. वयाने न मरणं, शस्त्राने न मरणं आणि मेल्यावर परत येणं या तीन वेगळ्या गोष्टी. 2014च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात अमरत्वाचं वरदान आहे. त्याने वय वाढायचं थांबतं, पण तलवारीचा घाव लागायचा तो लागतोच. त्याच आवृत्तीतल्या पंधराव्या लेव्हलच्या मंक या प्रकारच्या पात्राला म्हातारपणाची दुखणी नाहीत, आयुष्य सरलं की मात्र तो जातो. एका मुलीने लगेच विचारलं, “सर, म्हणजे तो म्हातारो जायना, पूण मरता?” बरोबर तेच. ग्रीक पुराणातल्या टिथोनसचं उलट झालं: त्याच्यासाठी अमरत्व मागितलं, तारुण्य मागायचं राहिलं, आणि तो जर्जर होऊन जगत राहिला. हे सगळं खेळाडूपुढे ठेवावं आणि निवड त्याच्यावर सोडावी.

2. दिलेला वर परत घेऊ नये. पेडण्याच्या मुलांना हे समजावावं लागत नाही. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटक होतं. लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं, कुणी कधी यायचं, एवढं आधी ठरतं; बाकीचे संवाद नट उभ्या उभ्या रचतात. हिरण्यकशिपू रंगात येऊन आपला वर सांगू लागतो: घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, शस्त्राने नाही. मग नरसिंह येतो. उंबरठा, तिन्हीसांज, मांडी, नखं. वरातली एकही अट मोडत नाही आणि हिरण्यकशिपू मरतो. नियमांचा याहून चोख निवाडा मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

आमच्याकडे एकीच्या योद्ध्याला ‘घडवलेल्या शस्त्राने मरण नाही’ असा वर मिळाला होता. शत्रूने शस्त्र उचललंच नाही. नदीला पूर आलेला असताना त्याने योद्ध्याच्या पायाखालचा साकव तोडला. ती खेळाडू क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग कागद उचलून वर पुन्हा वाचला आणि फासा टाकला. तिने वाद घातला नाही, कारण ते शब्द तिच्याच अक्षरात होते. वर खेळाडूने स्वतः लिहावा, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे.

3. प्राण दुसरीकडे ठेवला असेल तर ती जागा खेळात असायलाच हवी. लिच म्हणजे मरण चुकवलेला मांत्रिक. 2014च्या आवृत्तीत त्याचा आत्मा फायलॅक्टरी नावाच्या वस्तूत असतो. ती शाबूत असली तर देह नष्ट झाला तरी एक ते दहा दिवसांत तो नव्या देहाने उभा राहतो. पुस्तकातलं हे वर्णन वाचताना पोरं अडखळली. मग कुणीतरी जालंदराचं नाव काढलं. त्याचं अभेद्यपण त्याची पत्नी वृंदा हिच्या पातिव्रत्यात होतं. रणांगणात त्याला कितीही मारा, उपयोग नव्हता. व्हडल्या दिवाळीला दारच्या तुळशीचं, म्हणजे वृंदेचंच, लग्न लावणाऱ्या घरांतली ही मुलं, त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. मला मात्र इथे थांबावंसं वाटतं. वृंदेचा या सौद्यात काय दोष होता? म्हणून प्राण कुणा माणसात ठेवायचा तर त्या माणसाची संमती मी खेळात विचारायला लावतोच.

4. अमृत अर्धंच प्यायलं गेलं तर राहूचा दाखला घ्यावा. घोट गळ्याखाली उतरायच्या आत शिर उडालं. शिर अमर, धड नाही.

5. अमर होणं हा शेवट समजू नये. 1986 साली फ्रँक मेंट्झरने या खेळातल्या अमरांसाठी नियमांचा स्वतंत्र संच लिहिला. छत्तिसाव्या लेव्हलपर्यंत पोचण्याच्या वाटेवर कुणी राजवंश स्थापून, कुणी महावीर होऊन अमरत्व मिळवायचं, तेही आधीच्या एखाद्या अमराच्या आधाराने. तिथे पोचल्यावर नवा अमर सर्वांत खालच्या पायरीवर असतो. त्याच्या वर पायऱ्याच पायऱ्या. आणि अगदी शिखरावर गेलेल्याला त्यापलीकडे जायचं असेल, तर सगळं सोडून पुन्हा मर्त्य म्हणून पहिल्या लेव्हलपासून चढायचं! या एका नियमासाठी मी तो जुना संच जपून ठेवला आहे.

6. अमरत्व शापही असू शकतं, हे आधीच सांगून ठेवावं. अश्वत्थाम्याला महाभारतात तीन हजार वर्षं एकटं भटकायचा शाप आहे. लोकांच्या गोष्टींत तो अजून जखमेला तेल मागत हिंडतो. आमच्या एका पात्राला बरी न होणारी जखम मिळाली, तेव्हा खेळाडूने स्वतःच ‘तेल’ असं सामानाच्या यादीत लिहिलं.

7. अमर झालेल्याला जागा द्यावी, पण रोजच्या मोहिमेत नेऊ नये. बाकीच्यांना करायला काही उरत नाही. बळीला सुतळाचं राज्य मिळालं, दारावर प्रत्यक्ष वामन, आणि पुढच्या मन्वंतरात इंद्रपद. आमच्यातल्या एकाचा मांत्रिक अमर झाला, तेव्हा आम्ही त्याला डोंगराखालच्या नगरीचा राजा केलं. दिवाळीतल्या खेळात तो खेळाडू राजाचे संवाद बोलतो. एरवी त्याच्याकडे पहिल्या लेव्हलचा चोर आहे. मागच्या दिवाळीत त्या चोराने नेमका त्याच राजाच्या तिजोरीला हात घातला. मी फासा खेळाडूकडे सरकवला आणि म्हटलं, आता दोघांचंही तूच बोल.