एमआरएनए लस व तिची पारख

करोनाच्या सांथींत लशीविषयीं घरोघर जे प्रश्न निघाले, त्यांपैकीं एक अद्यापि आपल्या आईवडिलांच्या तोंडीं आहे: इतक्या लवकर केलेल्या लशीची परीक्षा झाली तरी केव्हां? प्रश्न रास्त आहे. प्रथम ही नवी लस काम कशी करते तें पाहूं.

मुख्याध्यापकांच्या कपाटांत नियमांचें मोठें पुस्तक कुलुपांत असतें. वर्गावर्गांतून फिरतो तो त्यांतून उतरून घेतलेला सूचनेचा कागद. शिपाई तो आणतो, शिक्षक वाचून दाखवितात, काम होतें, आणि कागद केराच्या टोपलींत जातो. शरीराच्या पेशींतही असेंच चालतें. डीएनए हें पुस्तक केंद्रकांत राहतें. एमआरएनए हा कागद बाहेर येतो व त्यावरून प्रथिनें बनतात. लशींत असा एक कागद स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत घालून दंडांत टोचतात. त्यावर करोना विषाणूच्या अंगावरील कांट्याची तेवढी कृति असते, संबंध विषाणूची नव्हे. पेशी तो कांटा बनविते, शरीराचे रक्षक त्याची ओळख धरून ठेवितात, आणि कागद लवकरच नष्ट होतो. तो कपाटापर्यंत पोंचतच नाहीं. मग पुस्तकांत खाडाखोड कशी करणार?

आतां घाईविषयीं. बाहेरून घातलेल्या एमआरएनएवर शरीर पूर्वीं चवताळून उठे. त्यांतील एक अक्षर किंचित् बदलल्यास तें शांत राहतें, असें कॅटलिन करिको व ड्रू वाइसमन यांनीं २००५ सालीं दाखविलें. त्यांस २०२३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सारांश, २०२० सालचें काम पंधरा वर्षांच्या पायावर उभें होतें.

पारखण्याची रीत मुंबईस जुनीच आहे. जानेवारी १८९७ मध्यें हाफकिन यांनीं आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांत, आपण होऊन पुढें आलेल्या कैद्यांस ती टोचून न टोचलेल्यांशीं त्यांची तुलना केली. (कैद्यांवर असा प्रयोग आज कोणी सहजासहजीं करूं देणार नाहीं, व तें योग्यच आहे.) तत्त्व मात्र तेंच राहिलें. २०२० सालीं फायझरच्या चाचणींत सुमारें ४३,००० लोक होते. निम्म्यांस लस व निम्म्यांस नुसतें मिठाचें पाणी टोचलें. आपणांस काय मिळालें हें त्यांस ठाऊक नव्हतें. पुढें लस घेतलेल्यांपैकीं ८ जणांस रोग झाला, इतरांपैकीं १६२ जणांस. इतक्या माणसांत लशीवांचूनही कोणी ना कोणी आजारी पडतोच. दुसरा गट नसता तर तेंही लशीच्या माथीं बसलें असतें.

आमच्या खारघराहून घाट चढून गेलें कीं पुणें. तेथील जेनोव्हा कंपनीनें देशांतील पहिली एमआरएनए लस केली. सुमारें ४,००० लोकांवर चाचण्या झाल्यावर जून २०२२ मध्यें तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली, तीही १८ वर्षांच्या पुढील लोकांपुरती. ती २ ते ८ अंशांत टिकते. फायझरची प्रथम उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. शाळकरी मुलांस २०२२ सालीं दिलेल्या कोव्हॅक्सिन व कोर्बेव्हॅक्स ह्या लशी एमआरएनएच्या नव्हेत, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

तथापि ४३,००० ही संख्यासुद्धां अपुरी आहे. त्यांतील निम्म्यांसच लस मिळाली. पन्नास हजारांत एकास होणारें दुखणें तींत दिसेलच असें नाहीं. २०२१ मध्यें कोट्यवधि लोकांस लस दिल्यावर कळून आलें कीं, क्वचित् एखाद्या तरुणाच्या, विशेषतः मुलग्यांच्या, हृदयाच्या स्नायूस दुसऱ्या मात्रेनंतर थोड्या दिवसांत सूज येते. बहुतेक जण बरे झाले. तरी ही गोष्ट झांकून न ठेवतां लशीच्या माहितीपत्रकांत घालण्यांत आली, आणि कांहीं देशांनीं दोन मात्रांमधील अंतर वाढविलें. परवानगीच्या कागदापेक्षां ही मागाहूनची नजर आम्हांस अधिक मोलाची वाटते. तिला घरच्या माणसांचीही मदत लागते: कोणतीही लस घेतल्यावर छातींत दुखूं लागलें किंवा धाप लागली, तर डॉक्टरांकडे जावें, आणि लसीकरणाचें प्रमाणपत्र बरोबर न्यावें, म्हणजे कोणती लस कोणत्या तारखेस घेतली हें त्यांस कळेल.