वरचें गांव आणि खालचें गांव
(पिण्याच्या पाण्याच्या रक्षणाविषयीं धडा)

धड्याचा हेतु: आपल्या पिण्याच्या पाण्याचें रक्षण आपल्या गांवच्या शिवेपाशीं संपत नाहीं हें समजून घेणें, आणि शेजारच्या गांवाशीं मिळून काय करितां येईल तें ठरविणें.

मोहाडीच्या बाजूस पाण्याविषयीं बोलणें निघालें म्हणजे, "आमचें पाणी वरच्यांनीं बिघडविलें," हें वाक्य हटकून कानीं पडतें. ही तक्रार पुष्कळदां खरीही असते. परंतु असें बोलणारा आपणही कोणाच्या तरी वर राहतो, ही गोष्ट तो बहुधा विसरलेला असतो. आम्हांस ह्या धड्यांत हीच एक गोष्ट सांगावयाची आहे.

१. आपलें पाणी कोठून येतें?

वैनगंगा मध्य प्रदेशांतील सिवनी जिल्ह्यांत उगम पावते. त्याच जिल्ह्यांत भीमगड येथें तिच्यावर संजय सरोवर नांवाचें धरण आहे. तेथून ती बालाघाट जिल्ह्यांतून आपल्याकडे येते. बावनथडी नदीही सिवनीकडूनच निघते, कांहीं अंतर दोन राज्यांची सीमा होऊन वाहते व वैनगंगेस मिळते. सूर नदी नागपूर जिल्ह्यांतून, रामटेकच्या बाजूनें येते. म्हणजे मोहाडी तालुक्याच्या नद्यांत जें पाणी वाहतें, त्यांतील पुष्कळसें दुसऱ्या जिल्ह्यांत व दुसऱ्या राज्यांत पडलेल्या पावसाचें आहे.

जेवढ्या जमिनीवरील पाऊस उतारानें एका ओढ्यास किंवा नदीस मिळतो, तेवढ्या जमिनीस तिचें पाणलोट क्षेत्र म्हणतात. त्याची सीमा उतार ठरवितो. तलाठ्याचा नकाशा ती ठरवीत नाहीं. नाल्याचें व तलावाचें पाणी जमिनींत मुरून विहिरीस व हातपंपास येतें; म्हणून वरच्या शिवारांत जें सांडतें, त्याचा अंश कालांतरानें खालच्या घागरींत उतरूं शकतो.

हें ज्ञान आपल्या जिल्ह्यास नवें नाहीं. भंडारा जिल्ह्याचे जुने तलाव व बोड्या बांधण्यांत कोहळी समाजाचें कसब मोठें होतें. एका तलावाचा सांडवा भरून वाहिला म्हणजे तें पाणी खालच्या तलावांत जावें, अशी योजना ते पुष्कळ ठिकाणीं करीत. इ. स. १९५१ मध्यें मालगुजारी संपली आणि ह्या तलावांची जुनी व्यवस्था मोडली. पाळी राहिल्या, परंतु वरच्या व खालच्या गांवांचा संबंध सैल झाला.

२. दोन राज्यांचा व्यवहार

सीमेपलीकडील लोकांशीं मिळून काम होऊं शकतें, ह्याचा दाखला आपल्या जवळच आहे. बावनथडीवरील राजीव सागर धरण महाराष्ट्र व मध्य प्रदेश ह्या दोन्ही राज्यांनीं मिळून बांधलें. त्याच्या कालव्यांचें पाणी बालाघाट जिल्ह्यास मिळतें, तसेंच आपल्या तुमसर व मोहाडी तालुक्यांसही मिळतें. संबंध गोदावरी खोऱ्याच्या पाण्याविषयींही गोदावरी जलतंटा लवादानें इ. स. १९८० मध्यें अंतिम निवाडा दिला. परंतु त्या निवाड्याचा मुख्य भर कोणत्या राज्यानें किती पाणी घ्यावें ह्यावर आहे. पाणी पिण्यासारखें राहावें, ही काळजी एवढ्यानें मिटत नाहीं.

इ. स. २०२० च्या ऑगस्टअखेर वरच्या भागांत अतिवृष्टि झाली, संजय सरोवरांतून पुष्कळ पाणी सोडण्यांत आलें, आणि वैनगंगेस महापूर येऊन भंडारा शहरांत व नदीकाठच्या गांवांत पाणी शिरलें. पूर ओसरतो, परंतु विहिरींत शिरलेला गाळ व घाण मागें राहते. वरून पाणी सुटत असल्याची बातमी खालीं वेळेवर पोहोंचणें ही म्हणून पिण्याच्या पाण्याचीही बाब आहे.

३. नागपूरचें उदाहरण

नागपूर शहर पिण्याचें बरेंचसें पाणी पेंच नदीचें घेतें. ही नदी मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांतून येते. तेथें चौराई येथें धरण झाल्यावर खालीं तोतलाडोहास येणारें पाणी कमी झालें. पावसानेंही ओढ दिली, आणि इ. स. २०१९ च्या जुलैंत नागपूरकरांस एक दिवसाआड पाणी घ्यावें लागलें. त्या वेळीं नागपूर हें खालचें गांव होतें.

आतां दुसरी बाजू पाहा. नागपुरांतून वाहणारी नाग नदी शहराचें सांडपाणी घेऊन कन्हानेस मिळते, आणि कन्हान आंभोऱ्यास वैनगंगेंत येते. पुढें पवनी तालुक्यांत गोसीखुर्द धरण आहे. धरणाचें पाणी मागें फुगून भंडाऱ्यापर्यंत पोहोंचतें. नागपूरची घाण आपल्या पिण्याच्या पाण्यापर्यंत आली, अशी तक्रार भंडारेकर अनेक वर्षें करीत आले आहेत. येथें तेंच नागपूर वरचें गांव झालें. भांडेवाडी येथें मलजल शुद्ध करून तें कोराडीच्या वीजकेंद्रास देण्याची व्यवस्था त्या शहरानें केली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. आणि नाग नदीच्या शुद्धीकरणाची मोठी योजना केंद्र सरकारनें इ. स. २०२१ मध्यें मंजूर केली.

परंतु आपण नागपुराकडे बोट दाखविण्यापूर्वीं मोहाडीकडे पाहूं. मोहाडी सिवनी-बालाघाटच्या खालीं आहे, तशीच ती भंडारा, पवनी, ब्रह्मपुरी, आरमोरी व गडचिरोली ह्यांच्या वर आहे. आपल्या बांधींत फवारलेलें औषध, नाल्यांत टाकलेलें मेलेलें जनावर, ह्यांचा भार त्यांच्या माथीं जातो. नदीची रेती पाण्यास गाळते व धरून ठेवते. घाटांवरून ती बेसुमार उपसली, तर पात्रांतील व काठच्या विहिरींचें पाणी खोल जातें. हें नुकसान आपलें व खालच्यांचें, दोघांचेंही आहे.

४. पहिली सीमा गांवांतच

पुष्कळ गांवांत खालची वस्ती ही दुबळ्यांची वस्ती असते, आणि साऱ्या गांवची गटारें तिच्या विहिरीकडे उतरतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजापणजांस सार्वजनिक पाणवठ्यावर चढूं दिलें जात नसे. त्याच अन्यायाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्याचें पाणी हातीं घेतलें. ज्यानें ओंजळभर पाण्यासाठीं दुसऱ्याच्या दयेची वाट पाहिली आहे, त्यास खालच्या माणसाचें दुःख अधिक समजलें पाहिजे.

५. परदेशांतील दाखला

युरोपांतील ऱ्हाईन नदी स्वित्झर्लंडांतून निघून अनेक देशांतून हॉलंडास जाते. तिच्या खोऱ्यांतील पांच देशांनीं इ. स. १९५० मध्यें नदीच्या रक्षणासाठीं एक मंडळ स्थापिलें, परंतु पुष्कळ वर्षें घाण वाढतच राहिली. १ नोव्हेंबर १९८६ रोजीं बाझल शहराजवळ रसायनांच्या एका गोदामास आग लागली. ती विझवितांना विषारी पाणी नदींत गेलें, असंख्य मासे मेले, व खालच्या शहरांस नदीचें पाणी घेणें बंद करावें लागलें. मग इ. स. १९८७ मध्यें सर्वांनीं मिळून निश्चित कार्यक्रम आंखला. वर कांहीं सांडलें तर खालच्यांस तत्काळ कळविण्याची व्यवस्था तेथें आहे. त्या लोकांस हें शहाणपण मोठ्या नुकसानीनंतर आलें. आपण तितकी वाट पाहूं नये.

६. आपण काय करावें?

(अ) प्रथम आपली विहीर पाहावी. कठडा व ओटा फुटका नसावा. धुणें व जनावरें दूर असावीं. शौचखड्डा निदान ५० फूट लांब असावा. दर १,००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारें २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. ती बादलींत कालवून, चुना खालीं बसल्यावर वरचें नितळ पाणी विहिरींत ओतावें, पाणी चांगलें ढवळावें, व एक तास थांबावें. हें काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचें आहे. तें होतें कीं नाहीं, हें विचारणें आपलें आहे. पुराचें पाणी शिरलेली विहीर मात्र उपसून, आरोग्यसेवकास विचारून मगच वापरावी.

(आ) पाणी तपासून घ्यावें. इ. स. २०१९ मध्यें सुरू झालेल्या जल जीवन मिशनांत प्रत्येक गांवीं पांच स्त्रियांस पाणी तपासण्याचें शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या गांवीं त्या कोण, व तपासणीची पेटी कोठें आहे, ह्याचा शोध करावा. पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतीस लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड देतात. लाल म्हणजे धोका मोठा. आपलें कार्ड कोणतें, हें ग्रामसभेंत उघड विचारावें.

(इ) मग पावसाळ्यापूर्वीं एक दिवस नाल्याच्या काठानें खालीं चालत जावें, आणि खालच्या गांवास विचारावें, "आमच्यामुळें तुम्हांस काय त्रास होतो?" त्याचा उपाय केल्यावर वरच्या गांवाकडे जावें. ज्यानें आपली बाजू आधीं स्वच्छ केली, त्याचें बोलणें वरचे लोक ऐकून घेण्याचा संभव अधिक.

(ई) जें ठरेल तें तिन्ही गांवांच्या ग्रामसभांत ठराव करून लिहावें: नाल्यांत मेलेलें जनावर टाकूं नये, फवारणीचे पंप पाण्यांत धुऊं नयेत, पाणी वाढलें तर कोणी कोणास फोन करावा. तीन गांवांचा असा कागद लहानच. परंतु सिवनीपासून गडचिरोलीपर्यंत नदी अशाच लहान गांवांतून वाहते.

शिकविणाऱ्यांसाठीं प्रश्न

१. आपल्या गांवच्या वर कोणतें गांव आहे, व खालीं कोणतें?
२. नागपूर एकाच वेळीं वरचें व खालचें गांव कसें?
३. आपल्या गांवची खालची वस्ती कोठलें पाणी पिते? आपण तेथें जाऊन तें पाहिलें आहे काय?
४. खालच्या गांवास भेटावयास कोणी व कोणत्या दिवशीं जावें? हें धडा संपण्यापूर्वींच ठरवावें.