मितभाषी वैद्य आणि संधाय संभाषा

व्यावसायिक संपर्काचा विषय निघाला की सभा, सत्कार आणि व्यासपीठ हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. चारचौघांत बोलण्याचा संकोच असलेले आपल्यातील अनेक वैद्य व औषधालयचालक त्यामुळे या विषयापासून दूरच राहतात. कार्ल युंग या स्विस मानसतज्ज्ञाने १९२१ मध्ये अंतर्मुख व बहिर्मुख अशी स्वभावांची मांडणी केली. अंतर्मुखता हा व्याधी नव्हे, तो स्वभावभेद आहे. तथापि त्यातून येणारा एकाकीपणा रुग्णाला भोवू शकतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

सेनगाव अथवा औंढा नागनाथ तालुक्यातील एखाद्या खेड्यात एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्याची कल्पना करावी. प्रमेहाचा जुना रुग्ण पायाची न भरणारी जखम घेऊन येतो. बोट काळवंडू लागले आहे. यास आजच शल्यचिकित्सकाकडे पाठविले पाहिजे हे वैद्यास कळते, परंतु नेमके कोणाकडे, हे कळत नाही. अनोळखी डॉक्टरांना दूरध्वनी कसा करावा, ते काय म्हणतील, या विचारात दोन दिवस जातात. बोटावर निभावले असते ते मग पायावर जाऊ शकते. पक्व गुल्माच्या चिकित्सेत अधिकार धान्वंतरीयांचा, असे चरकाचार्यांनी निःसंकोचपणे सांगितले आहे. दुसऱ्याकडे पाठविण्यात कमीपणा नाही, हे त्यातून उघड होते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांशी करावयाच्या चर्चेचे, दोन प्रकार सांगितले आहेत. विगृह्य संभाषा ही वादाची. तेथे प्रतिपक्षी आपल्याहून श्रेष्ठ, हीन की समान, आणि परिषद अनुकूल की प्रतिकूल, हे पारखून उतरावे लागते. संधाय संभाषा मात्र स्नेहाची. जो ज्ञानी आहे, रागीट नाही, मत्सरी नाही आणि गोड बोलणारा आहे, अशाशी ती करावी. निर्भयपणे विचारावे, त्याने विचारल्यास विशद सांगावे, हरण्याची भीती बाळगू नये व जिंकल्याचा डंका पिटू नये. आम्हांस वाटते की, आपण संपर्क म्हणजे विगृह्य संभाषाच समजून बसलो आहोत. मितभाषी वैद्याला दुसरा मार्ग खुला आहे, आणि त्यासाठी एका वेळी एकच माणूस पुरतो.

प्रारंभ पत्राने करावा. रुग्ण पाठविताना चार ओळींचे संदर्भपत्र द्यावे: तक्रार किती दिवसांची, आपण कोणते कल्प दिले, कोणती आधुनिक औषधे चालू आहेत आणि आपली शंका काय. बोलताना अडखळणारा मनुष्य लिहिताना बहुधा नेमका असतो; हा त्याचा लाभच होय. रुग्ण परत आल्यावर दोन ओळींत वृत्तांत कळवावा. अशी तीन-चार पत्रे गेली की प्रथम दूरध्वनी करणे जड जात नाही. व्हॉट्सॲपवर जखमेचे छायाचित्र पाठवायचे झाल्यास रुग्णाची संमती घ्यावी आणि नाव व चेहरा वगळावा.

घनिष्ठ मैत्रीच हवी असेही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखविले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी पुष्कळांना ती क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. निकटच्या मंडळींना आपल्याइतकेच ठाऊक असते. नवी माहिती दूरच्या परिचयातून येते. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील एखाद्या अध्यापकाशी वर्षातून दोनदा झालेला पत्रव्यवहार या दृष्टीने मोलाचा आहे.

शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्यांच्या अखिल भारतीय संघटनेचा पाया घातला. पदेशास्त्री संघटक होते, तसेच लेखकही. ‘आर्यभिषक’ हा ग्रंथ त्यांचाच. व्यासपीठ नको असेल त्याने या त्रैमासिकासाठी एक रुग्णवृत्त लिहावे. ते वाचून जो पत्र पाठवील, तो आपल्या विषयाचाच माणूस असेल.

औषधालयचालकांचे स्थान येथे विशेष आहे. कोणत्या वैद्याची कोणत्या विषयात गती आहे, हे चिठ्ठ्या पाहून त्यांना सहज उमगते. दोघा अबोल वैद्यांची भेट घालून देणे त्यांनाच शक्य आहे, मात्र रुग्णाची गोष्ट गल्ल्यावर उघड होता कामा नये. आपल्या जिल्ह्यात तर संभाषणाला विषयही आयता आहे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिद्रेची प्रत, साठवण, कीड, भेसळ यांविषयी दुकानदाराने वैद्यास व वैद्याने शेतकऱ्यास विचारावे. स्वतःविषयी काही न बोलता परिचय वाढतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. रुग्ण पाठविल्याबद्दल कोणी पाकीट देऊ केल्यास ते परत करावे, आणि त्या डॉक्टरांकडे पुढचा रुग्ण पाठविण्यापूर्वी दुसरे नाव शोधावे. तालुक्याच्या ठिकाणचे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि जिल्हा रुग्णालय यांचे क्रमांक एका कागदावर लिहून तो मेजाच्या काचेखाली ठेवावा. दर दिवाळीला त्यातील प्रत्येकास एकदा दूरध्वनी करून क्रमांक तोच आहे ना, एवढे विचारून घ्यावे.